वाजवून दाखवा

पालखी नातेपुत्याहून माळशिरसकडे निघते, त्या दिवशी आमचा दवाखाना पहाटे चारला उघडतो. रस्त्याकडेला मांडव घालायचा आणि दोन टेबलं टाकायची. पायाच्या फोडांना मलम, कापूस, ओआरएसच्या पुड्या, बीपीचं मशीन एवढा सरंजाम पुरतो. पुरंदवड्याचं रिंगण गाठायची घाई असल्यामुळे वारकरी टेबलापाशी फार वेळ टेकत नाहीत. काय हवं ते उभ्या उभ्या सांगतात आणि पुढे होतात.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका दिंडीचे पखवाजवाले काका असेच आले. वय चौसष्ट-पासष्ट, अंगानं सडपातळ, गवसणी घातलेला पखवाज गळ्यात. म्हणाले, "मॅडम, तेवढी गॅसची गोळी द्या. लगेच निघतो."

"काय होतंय?"

"छातीत फडफडतंय. तीन सालं झाली. ढेकर आला की बरं वाटतं."

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि कुठं होतं ते विचारलं. त्यांनी तळहात डाव्या छातीवर ठेवला. मग मी नेहमी म्हणते तेच म्हणाले, "कसं होतं ते वाजवून दाखवा."

बहुतेक माणसं या वाक्यावर बुजतात. बोटानं टेबलावर दोन-चार टकटक करतात आणि हसतात. काकांनी मात्र पखवाज उतरवला, मांडी नीट केली आणि उजव्या हाताची बोटं टेबलाच्या फळीवर ठेवली. आधी भजनी ठेका वाजवला. म्हणाले, "हे नेहमीचं." मग थांबले, डोळे मिटले आणि आत काय चाललंय ते ऐकत वाजवू लागले. दोन ठोके जवळजवळ, एक लांब, तीन घाईचे, एक दबका, पुन्हा लांब. त्यांचं डावं मनगट माझ्या हातात होतं. टेबलावर पडणारे बरेचसे ठोके माझ्या बोटांखाली येत होते. काही ठोके टेबलावर होते आणि मनगटात पोहोचतच नव्हते.

अर्ध्या मिनिटानं त्यांनी डोळे उघडले. "मात्रा मोजता येत नाहीत, मॅडम. एखादी मात्रा सुटली तर सम तरी सापडते. ह्याला समच नाही."

वाजवून दाखवायला सांगायची ही रीत मला मिरजेला शिकताना आमच्या सरांनी दिली. १९८०च्या दशकाचा शेवट होता. पुस्तकात छातीतल्या धडधडीवर एक प्रकरण होतं आणि त्यात कारणांची भली मोठी यादी. सर म्हणाले, यादी नंतर वाचा, आधी माणसाला ताल धरायला लावा. सरळ पण जलद वाजवतो का, मध्येच एक ठोका गाळतो का, की कसलाच मेळ लागत नाही, एवढं कळलं तरी अर्धं निदान टेबलावरच होतं. १९९१ साली मी या गावात बसले. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या एका कोपऱ्याचं पॉलिश या टकटकीनं गेलेलं आहे.

या कामातली खरी अडचण 'गॅस' या शब्दाची आहे. आमच्या भागात त्याला सीमाच नाही. छातीत जळलं, आंबट ढेकर आली, बरगडीत चमक भरली, पाठीत वायू धरला, जीव कासावीस झाला, ठोका चुकला, दरदरून घाम सुटला, सगळं गॅसच. पूर्वीच्या म्हाताऱ्या बायकांकडे जास्त शब्द होते. घशाशी येतंय, काळजात लकलकतंय, उरात भरून आलंय, वायगोळा उठलाय, पित्त खवळलंय. त्यातल्या प्रत्येक शब्दानं मला थोडी वाट दाखवली आहे. काळजात लकलकतंय म्हणणारी आणि घशाशी येतंय म्हणणारी बाई मी कधी एका औषधावर घरी पाठवली नसती. दोघीही आता गॅस म्हणू लागल्या आहेत आणि मला दोघींकडून जुना शब्द परत काढून घ्यावा लागतो.

हा शब्द अडाणीपणातून येतो असं शहरातले डॉक्टर म्हणतात. मला ते पटत नाही. गॅस हा परवडणारा आजार आहे. दहा-वीस रुपयांत त्याची सोय होते. हृदय म्हटलं की अकलूज, मग सोलापूर किंवा पुणे, गाडीभाडं, भरणीला आलेला ऊस कुणावर टाकायचा, म्हशीची धार कोण काढणार. माणूस गॅस म्हणतो तेव्हा 'बाई, एवढ्यावरच असू दे' अशी विनवणी करत असतो. ती विनवणी ऐकायला मी चुकत नाही, पण तिच्यावर निदान ठेवत नाही.

आणि शरीराचाही त्यात दोष आहेच. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा हृदय बाजूला करून पाहिलं तेव्हा अन्ननलिका त्याला किती खेटून जाते ते पाहून चकित झाले होते. हृदयाचा डावा वरचा कप्पा आणि अन्ननलिका यांच्या मध्ये नावालाच जागा. लहानपणच्या संधिवाती तापानं झडप आकसली आणि तो कप्पा फुगला की तो अन्ननलिकेला मागे ढकलतो. पूर्वी बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत तो बाक स्पष्ट दिसायचा. हृदयाची खालची भिंत श्वासपटलावर टेकलेली असते आणि पटलाच्या पलीकडे जठर. दोघांच्या वेदनेच्या तारा मणक्याच्या जवळपास त्याच पातळीवर पोहोचतात. त्वचेवर मुंगी चावली तर नेमकं बोट ठेवता येतं, तसा आतल्या अवयवांचा नकाशा मेंदूकडे नाही. तेव्हा 'छातीत कायतरी होतंय' म्हणणारा माणूस खरं तेच सांगत असतो. तेवढंच त्याला कळतं.

१९९४ च्या दिवाळीतली गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

भाऊबीजेच्या संध्याकाळी शेजारच्या वस्तीवरची एक मावशी आली. वय पंचावन्नच्या आसपास, साखरेच्या गोळ्या चालू. दुपारी जेवण जड झालं होतं, मग चकल्या-करंज्या झाल्या होत्या. बरगड्या जिथं मिळतात तिथल्या खळग्यात दुखत होतं, दोनदा उलटी झाली होती. घरी लिंबू-सोडा घेऊन झाला होता, ओवा आणि काळं मीठ चावून झालं होतं. "गॅसच हाय त्यो, बाई. एक इंजेक्शन मारा म्हंजे सणाचं पुढचं बघती." तिच्या पोलक्याची पाठ भिजलेली होती. मला ती दिसली. उलटीनं घाम आला असेल, असं मनाशी म्हणून मी पुढे गेले. पित्ताचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात तिला दोन मोठ्या ढेकरा आल्या. "हलकं वाटलं," म्हणाली. मलाही हलकं वाटलं. मी तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलानं तिला जीपमध्ये घालून आणलं. नाडी मिनिटाला चव्वेचाळीस, बीपी जेमतेम लागत होतं. अकलूजला काढलेल्या कार्डिओग्रॅममध्ये हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका होता.

ती भिंत पोटाला लागून आहे. तिला इजा झाली की दुखणं पोटात उमटतं. तिथून एका लांबलचक चेतातंतूमार्फत उलटी येते, नाडी मंदावते, घाम फुटतो. मधुमेहात वेदनेच्या तारा बोथटलेल्या असू शकतात, म्हणून छातीतली मोठी कळ कधी कधी येतच नाही. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. त्या संध्याकाळी करंज्यांचा शब्द मी जास्त ऐकला आणि पोलक्याच्या पाठीला कमी.

मावशी वाचली, पण हृदय दुबळं होऊन. पुढे चार वर्षं माझ्याकडेच येत राहिली. माझ्या दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीवर ती थांबायची, कठड्याला धरून श्वास घ्यायची आणि मग तिसरी चढायची. आतून मला ते दर वेळी दिसायचं. बाहेर बसलेल्या बायकांना ती सांगायची, "बाईनी येळंवर धाडलं म्हणून जगले." मी तिला एकदा खरं सांगितलं. तिनं माझा हात हातात घेतला आणि विषय बदलला.

त्या दिवाळीनंतरच्या हिवाळ्यात पतसंस्थेचं कर्ज काढून मी कार्डिओग्रॅमचं मशीन घेतलं. एका वेळी एकच पट्टी काढणारं, रबरी चोखण्यांचं. तारा बदलत बारा पट्ट्या काढायच्या आणि कात्रीनं कापून कागदावर चिकटवायच्या. कागद सेकंदाला पंचवीस मिलिमीटर वेगानं सरकतो. दोन ठोक्यांत मोठे चौकोन किती ते मोजायचं आणि तीनशेला त्यानं भागायचं. चार चौकोन असतील तर नाडी पंच्याहत्तर. रात्री वीज गेल्यावर कंदिलाच्या उजेडात मी ते चौकोन मोजले आहेत. तेव्हापासूनचा माझा नेम असा: चाळिशीच्या पुढचं माणूस, जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठंही नवी कळ किंवा दडपण, आणि सोबत घाम, धाप, मळमळ किंवा न सांगता येणारी अस्वस्थता यातलं काहीही असलं, तर आधी पट्टी आणि मग इंजेक्शन. आणि पहिली पट्टी सरळ आली म्हणून सोडायचं नाही. थोड्या वेळानं पुन्हा काढायची. रक्तातली ट्रोपोनिनची तपासणीसुद्धा झटक्यानंतर पहिले काही तास कोरी येऊ शकते. संशय पक्का असेल आणि अ‍ॅलर्जी, रक्तस्राव असं काही नसेल तर अ‍ॅस्पिरिन चावायला देते आणि गाडी बोलावते. २०१४ मध्ये १०८ची रुग्णवाहिका सुरू झाल्यापासून तेवढं तरी सोपं झालं आहे.

औषधानं बरं वाटलं म्हणजे कारण कळलं, ही समजूत मात्र मी कायमची सोडली. पित्ताच्या औषधानं उतार पडलेले झटके मी पाहिले आहेत. उलट, जिभेखाली ठेवायच्या हृदयाच्या गोळीनं अन्ननलिकेचा आकसही सुटतो, म्हणून ती लागू पडली की हृदयच, असंही म्हणता येत नाही. ढेकरीचं तर आणखी वेगळं आहे. छातीत फडफड सुरू झाली की माणूस घाबरून हवा गिळतो. ती हवा बाहेर पडली की त्याला मोकळं वाटतं आणि फडफडही गॅसच्या खात्यावर जमा होते. काही जणांत तर जोर करून ढेकर काढताना छातीत जो दाब येतो, त्या दाबानंच हृदयाची बिघडलेली गती ताळ्यावर येते. मग गॅस होता याचा त्यांना पुरावाच मिळतो.

असा पुरावा पाच वर्षं बाळगलेली एक बाई माझ्याकडे आली ती २०१६ मध्ये. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय चौतीस. फळ्यावर लिहिता लिहिता एकदम धडधड सुटायची. जोरानं कुंथलं, ढेकर काढली, ओकारी काढली की कधी कधी थांबायची. आधी गॅस म्हणून उपचार झाले होते, मग टेन्शन म्हणून झोपेच्या गोळ्या. दर वेळी दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं शांत झालेलं असायचं आणि पट्टी नॉर्मल यायची. घरात सगळे म्हणत, तुझ्या मनाचे खेळ आहेत.

मी म्हटलं, वाजवून दाखवा. तिनं एका बोटानं सुरुवात केली, मग दोन बोटं लावली, तरी वेग पुरेना. शेवटी म्हणाली, "बोटं पळत नाहीत तेवढी. पण एकसारखं असतं, मध्ये काही चुकत नाही."

"सुरू कसं होतं, हळूहळू चढतं का?"

"नाही. बटण दाबल्यासारखं. बंदही तसंच."

भीतीनं किंवा धावल्यानं वाढलेली धडधड चढावर चढते आणि उतारावर उतरते. छातीतली जळजळही सावकाश वर येते आणि सावकाश विझते. बटण ही हृदयातल्या विजेची खूण आहे. मग मी दोन गोष्टी विचारल्या. गळ्याशी काही जाणवतं का? ती चमकली. "इथं बेडूक उड्या मारतो. हे मी कुणाला सांगितलंच नाही, हसतील म्हणून." आणि थांबल्यावर लघवीला जावं लागतं का? तिनं मान खाली घातली. दोन-तीनदा, भरपूर, पाण्यासारखी. हेही तिनं आधीच्या कुठल्याच पुरुष डॉक्टरांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं.

ही दोन्ही लक्षणं एकाच ठिकाणाहून येतात. या प्रकारात हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे जवळजवळ एकाच क्षणी आकसतात. वरचा कप्पा मिटलेल्या झडपेवर धडका देतो आणि रक्त मानेच्या शिरांत उसळतं, तोच बेडूक. ताणलेल्या कप्प्यातून एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडांना पाणी सोडायला लावतं. पाच वर्षं ती अचूक निदान आपल्या तोंडानं सांगू शकली असती. फक्त कुणी विचारायला हवं होतं.

मी तिला एक चिठ्ठी लिहून दिली: धडधड चालू असताना जो दवाखाना जवळ असेल तिथं आधी पट्टी काढा, कागद जपून ठेवा. दोन महिन्यांनी बाजाराच्या दिवशी ती माझ्याच दारात रिक्षातून उतरली, धडधड चालू असताना. पट्टीवर मिनिटाला एकशे अठ्ठ्याऐंशी. आदल्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये इंग्लंडमधल्या आपत्कालीन विभागांतला एक अभ्यास आला होता. दहा मिलीची सिरिंज तोंडात धरून, आतला दट्ट्या जेमतेम हलेल एवढ्या जोरानं पंधरा सेकंद फुंकायचं आणि लगेच पाठीवर आडवं करून पाय पंधरा सेकंद वर धरायचे. नुसत्या फुंकण्यानं शंभरात सतरा जणांची गती ताळ्यावर आली, पाय उचलल्यावर त्रेचाळीस जणांची. मशीन जोडलेलं ठेवून मी तिला ते करायला लावलं. पाय कंपाउंडरताईंनी धरले. कागदावरच्या दाटीवाटीच्या रेघा एका जागी थांबल्या, छोटी सपाट रेघ आली आणि मग संथ, सुटे सुटे ठोके.

"मिक्सर बंद केल्यासारखं झालं," ती म्हणाली आणि रडायला लागली. तिच्या हातात मी तो कागद दिला. घरी नेऊन सगळ्यांना दाखवणार होती. पुढे पुण्यात मांडीच्या शिरेतून तार घालून हृदयातली ती जादा वाट जाळून टाकली. त्यानंतर तिला तसं झालेलं नाही.

धडधडीच्या तक्रारीत इतकं सरळ उत्तर क्वचित मिळतं. जास्त करून येतात ते चुकलेल्या ठोक्याचे लोक, आणि त्यांची झोप उडालेली असते. एमपीएससीचा अभ्यास करणारा एक मुलगा मला आठवतो. दिवसाला आठ-नऊ कप चहा, रात्री उशिरा जेवण, मग डाव्या कुशीवर आडवं झालं की छातीत धप्पकन. मनगटावर घड्याळ होतं, ते दर तासाला नाडी दाखवायचं आणि हा ती लिहून ठेवायचा. त्याचे काका झटक्यानं गेले होते. जेवणानंतरच होतं म्हणजे गॅस, असं आई म्हणत होती. हृदयच आहे, असं त्याची भीती म्हणत होती.

जेवणानंतर हृदयाला काम जास्त पडतं, भरलेलं जठर श्वासपटलाला खालून रेटतं आणि डाव्या कुशीवर हृदयाचं टोक छातीच्या भिंतीजवळ येतं. मुळात जो ठोका दिवसभर कळत नाही तो तेव्हा कळतो. म्हणून वेळ जेवणानंतरची असली तरी कारण पोटातच असेल असं नाही, आणि हृदयात असलं तरी ते धोक्याचंच असेल असंही नाही. त्यानं वाजवून दाखवलं: ठक, ठक, ठक-ठक, शांतता, धम्. मी त्याला सांगितलं, तुझा ठोका चुकत नाही, एक ठोका घाई करून आधी येतो. मग हृदय जरा जास्त थांबतं, त्या वेळात कप्पा जास्त भरतो आणि पुढचा ठोका नेहमीपेक्षा जोरात बसतो. ढोल-ताशात एखाद्यानं टिपरू आधीच मारलं की बाकीचे क्षणभर थांबून पुढचा ठोका कसे दणक्यात देतात, तसं. चक्कर, शुद्ध हरपणं, धावताना धडधड होणं, घरात कुणी तरुणपणी अचानक जाणं, हे सगळं मी विचारून घेतलं. पट्टी आणि हृदयाची सोनोग्राफी दोन्ही चांगल्या निघाल्या.

त्याला मी जेम्स मॅकेन्झींबद्दलही सांगितलं. लँकेशरमधल्या बर्नली या गिरणगावात १८७९ पासून जवळजवळ तीन दशकं जनरल प्रॅक्टिस केलेला हा डॉक्टर. नाडीचे आलेख कागदावर उतरवणारं यंत्र त्यांनी स्वतः तयार करून घेतलं होतं. मध्ये जादा ठोका पडणारी माणसं तेव्हा हृदयरोगी म्हणून अंथरुणाला खिळवली जात. मॅकेन्झींचे पेशंट गिरणीतलेच, गाव सोडून न जाणारे. त्यांनी वर्षानुवर्षं तीच माणसं तपासली आणि दाखवून दिलं की निरोगी हृदयात असे ठोके असलेली माणसं इतरांसारखीच जगतात, राबतात. १९०२ मध्ये त्यांनी नाडीवरचं पुस्तक लिहिलं. एकाच गावात टिकून राहिलेल्या डॉक्टरलाच करता येईल असं हे काम होतं. मला त्यांचा फार आधार वाटतो. मुलाचा चहा दोन कपांवर आला, घड्याळ कपाटात गेलं. ठोके अजून येतात, तो घाबरत नाही.

ऊसतोडीच्या टोळीतल्या बायकांची धडधड वेगळी. ती चढावर, मोळी उचलताना, आणि बोटांनी वाजवलेला ताल सरळ पण घाईचा. त्यांच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली की बहुतेकदा उत्तर मिळतं, पांढरीफटक. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न स्त्रियांत रक्त कमी सापडलं. सकाळी उपाशीपोटी मिश्री लावली की तंबाखूनं धडधड आणखी वाढते, आणि तिलाही पित्त म्हणतात.

एका गोष्टीचा मला राग आहे तो इथं सांगते. गॅसची म्हणून जी कॅप्सूल मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळते, तिच्यात पुष्कळदा दोन औषधं असतात. एक आम्ल कमी करणारं आणि दुसरं डोम्पेरिडोन, मळमळीचं. डोम्पेरिडोन काही माणसांत हृदयाची वीज सावरायचा वेळ लांबवतं आणि त्यातून ठोके बिघडू शकतात. वय झालेलं असेल, हृदय आधीच कमकुवत असेल किंवा सोबत काही ठरावीक अँटिबायोटिक चालू असेल तर धोका वाढतो. युरोपात २०१४ मध्ये त्याचा वापर फक्त मळमळ-उलटीपुरता, कमी मात्रेत आणि साधारण आठवडाभरापुरता मर्यादित केला. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं आणि तेही ठोक्यांना बाधतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ मध्येच तसा इशारा दिला होता. आमच्याकडे माणसं ही कॅप्सूल दोन-दोन वर्षं रोज सकाळी घेतात, फडफडीसाठीच. औषधांची पिशवी टेबलावर रिकामी केल्याशिवाय मी आता कुणाच्या छातीबद्दल बोलत नाही.

पखवाजवाल्या काकांच्या पिशवीत त्या कॅप्सूलच्या तीन पट्ट्या निघाल्या.

त्यांना मी मांडवातून आत नेलं आणि पट्टी काढली. वरच्या कप्प्यांची आकसायची शिस्त पार गेलेली, ते नुसते थरथरत होते, आणि खालचे कप्पे त्यातून जमेल तसा ठोका उचलत होते. मिनिटाला एकशे तीस, कुठलेच दोन ठोके सारख्या अंतरावर नाहीत. बीपी वाढलेलं, बहुधा कित्येक वर्षांपासून. त्यांच्या टेबलावरच्या बोटांनी हे आधीच सांगितलं होतं. अपुरा भरलेला ठोका मनगटापर्यंत येत नाही, म्हणून काही ठोके त्यांना कळत होते आणि मला लागत नव्हते. त्यांना जळजळही होती, तीही खरीच. कीर्तनानंतर रात्री अकराला झणझणीत जेवून लगेच आडवं व्हायची सवय. पोट आणि हृदय दोन्ही एकाच वेळी तक्रार करत होते आणि तीन वर्षं फक्त पोटाचं ऐकलं गेलं होतं.

थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं. गुठळी सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. "पखवाजाला दोन हात लागतात, काका," मी म्हणाले. तेवढं त्यांना पुरलं. पंढरपूर एवढं करतो आणि मग बघतो, असं त्यांनी मागितलं. मी नाही म्हणाले. बराच वेळ ते पखवाजाच्या गवसणीची गाठ सोडत-बांधत बसले. दिंडीच्या विणेकऱ्यांनी त्यांची समजूत घातली. त्या दिवशी त्यांचा पखवाज एका पोरसवदा वारकऱ्याच्या गळ्यात गेला आणि ते अकलूजच्या गाडीत बसले.

पुढच्या आषाढात ते आले. रांगेत थांबले, नंबर आल्यावर स्टुलावर बसले. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती, नाडी आवरणारी चालू होती, जेवण कीर्तनाच्या आधी होऊ लागलं होतं. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी डावं मनगट पुढे केलं आणि उजव्या हाताची बोटं फळीवर ठेवली. एक ठोका, लांबण, दोन ठोके, पुन्हा लांबण.

"सम अजून नाहीच," ते म्हणाले. "पण विलंबित झालंय."

अशा नाडीला पंधरा सेकंद पुरत नाहीत. मी घड्याळ समोर ठेवलं आणि पूर्ण मिनिट मोजायला घेतलं. बाहेर टाळ वाजत होते, काका डोळे मिटून बसले होते, त्यांची बोटं चालूच होती.